पहारेकरी चुकतो तेव्हा

आपल्या हैदराबाद शहराला एके काळी भक्कम तटबंदी होती. तटाला मोठमोठे दरवाजे होते आणि दोन दरवाजांच्या मधून लहान खिडक्या ठेवलेल्या होत्या. आज तो तट बहुतांशी नाहीसा झाला आहे. पुराना पूल आणि दबीरपुरा येथील दरवाजे तेवढे जुन्या वैभवाची साक्ष देत उभे आहेत. तट गेला, परंतु पहारेकरी मात्र गेला नाही. तो आता आपल्या घरातील संगणकात येऊन बसला आहे. मुलांनी काय पाहावे, किती वेळ पाहावे आणि कोणत्या मार्गाने पाहावे ह्यावर लक्ष ठेवण्यासाठी आईवडील जी आज्ञावली संगणकात बसवितात, तिला पालक-नियंत्रण असे म्हणतात. हा पहारेकरी रात्रंदिवस जागा असतो, लाच घेत नाही आणि कंटाळतही नाही. पण तो चुकतो. तो चुकला म्हणजे त्याची चूक कशी शोधावी आणि ती कशी दुरुस्त करावी, हे ह्या लेखात सांगावयाचे योजिले आहे.

आरंभी एक प्रत्यक्ष घडलेली हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुट्टीत आमचे शेजारी सहकुटुंब नांदेडला गेले होते. घर बंद करताना त्यांनी विजेची सर्व बटणे मिटविली होती. परत आल्यावर त्यांच्या नववीतील मुलाने सायंकाळी साडेसहाच्या सुमारास आपला जुना संगणक सुरू केला. इतिहासाचा प्रकल्प दोन दिवसांत द्यावयाचा होता. परंतु ब्राउझर, म्हणजे महाजालावरील पाने दाखविणारी न्याहाळक आज्ञावली, काही केल्या उघडेना. खूण दाबावी, खिडकी क्षणभर दिसावी आणि लगेच मिटून जावी. तिच्या जागी एक वाक्य येई : हा कार्यक्रम तुमच्या पालकांनी बंद केला आहे.

मुलाने वडिलांना हाक मारली. वडिलांनी ते वाक्य वाचले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मी तर काहीच बंद केलेले नाही," ते म्हणाले. "तेव्हा मांडणीत कोणी हात घातला असेल तर तो तूच. नको ते उघडावयास गेला असशील."

"नाही बाबा, मी अजून काही उघडलेच नाही. हे उघडतच नाही तर पाहणार काय?"

"उलट उत्तरे देऊ नकोस."

एवढ्यावर संभाषण संपले आणि घरात अबोला सुरू झाला. मुलाला आपण निरपराध आहोत हे ठाऊक होते, पण ते सिद्ध कसे करावयाचे हे त्याला ठाऊक नव्हते. वडिलांचा मुलावर राग होता, पण त्या रागाला पडद्यावरील एका वाक्याखेरीज दुसरा आधार नव्हता. ह्या हकीकतीचा शेवट पुढे सांगेन. तत्पूर्वी हा पहारेकरी काम कसे करतो ते समजून घेतले पाहिजे. कारण ज्याचे काम कळत नाही, त्याची चूकही कळत नाही.

पहारेकऱ्याची पहिली रीत यादीची. अमुक पत्त्यांवर जाऊ द्यावयाचे नाही, किंवा अमुक पत्ते सोडून इतरत्र कोठेही जाऊ द्यावयाचे नाही, अशी यादी त्याच्याजवळ असते. यादी करणारा मनुष्य आळशी असला किंवा घाईत असला म्हणजे तो एका खोलीऐवजी सगळा वाडाच यादीत घालतो. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत काही ठराविक संकेतस्थळे बंद करावीत असा आदेश केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांना दिला. त्यांपैकी कित्येकांनी तेवढीच पाने न रोखता ब्लॉगस्पॉट ही संपूर्ण सेवाच काही दिवस बंद करून टाकली. त्या सेवेवर हजारो लोकांची निरुपद्रवी लेखने होती. इतकेच काय, स्फोटानंतर मुंबईकरांना मदत व्हावी म्हणून स्वयंसेवकांनी चालविलेले एक पानही तिच्यावरच होते. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच तो प्रकार होता. घरातील पालक-नियंत्रणातही, लहान प्रमाणावर का होईना, हेच घडते.

दुसरी रीत शब्दांची. पानावर विशिष्ट शब्द आढळला की पान रोखावयाचे. ही रीत सोपी आहे आणि म्हणूनच फसवी आहे. यंत्राला अक्षरे दिसतात, अर्थ दिसत नाही. इंग्लंडमधील स्कन्थॉर्प नावाच्या गावाची फजिती ह्या बाबतीत जगप्रसिद्ध आहे. त्या गावाच्या इंग्रजी नावात अक्षरांच्या ओघात एक अशिष्ट शब्द दडलेला आहे. १९९६ साली अमेरिका ऑनलाइन ह्या कंपनीच्या गाळणीने तेथील रहिवाशांना आपल्या गावाचे नाव लिहून खाते उघडू दिले नाही. मराठीपुरती कल्पना करावयाची तर असे समजा, की एखाद्या गाळणीला 'विष', 'मरण' आणि 'खून' हे तीन शब्द रोखावयास सांगितले आहेत. ती 'विषय' रोखील, 'विषुववृत्त' रोखील, 'स्मरण' रोखील आणि 'वेळ राखून अभ्यास करा' हा गुरुजींचा उपदेशही रोखील! अलीकडच्या गाळण्या ह्याहून पुष्कळ शहाण्या झाल्या आहेत. तथापि हा दोष समूळ गेला आहे असे म्हणता येत नाही.

तिसरी रीत अधिक कडक, आणि आपल्या विषयाशी तिचाच संबंध सर्वांत निकटचा. पाने तपासण्याऐवजी पाने दाखविणारा ब्राउझरच रोखून धरावयाचा, ही ती रीत. असे का करावे लागते? कारण पहारेकऱ्याला सगळ्याच दरवाजांवर उभे राहता येत नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या 'फॅमिली सेफ्टी' ह्या नियंत्रणाचे उदाहरण घ्या. पानांची गाळणी करण्याचे त्याचे सामर्थ्य त्याच कंपनीच्या एज ह्या ब्राउझरपुरते आहे. म्हणून गाळणी सुरू केली की क्रोम, फायरफॉक्स इत्यादी दुसरे दरवाजे ते मिटून घेते आणि पालकांनी संमती दिल्यावरच उघडते. ज्या दरवाजावर आपण उभे नाही तो बंद ठेवावा, हा त्यातील विचार. म्हणून पुष्कळदा जी चूक वाटते ती चूक नसते. तो त्या पहारेकऱ्याचा नियमच असतो आणि संमती देणे एवढाच त्यावरील उपाय असतो.

परंतु नियमाच्या पोटातही चूक जन्म घेते. जून २०२५ मध्ये ठिकठिकाणच्या कुटुंबांना असा अनुभव आला, की मुलांच्या खात्यात क्रोम उघडावयास जावे तर ते क्षणभर चमकून मिटून जाते. संमती मागणारी खिडकीही पुढे येत नसे. कित्येकांनी क्रोम काढून पुन्हा बसविले, संगणक पुन्हा पुन्हा सुरू केला. गुण आला नाही. शेवटी दोष वर सांगितलेल्या फॅमिली सेफ्टीमध्ये असल्याचे उघडकीस आले आणि मायक्रोसॉफ्टने तो मान्य केला. कारण मोठे बोधप्रद आहे. ब्राउझर हा स्थिर राहणारा पदार्थ नव्हे. दर काही आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती येते. पहारेकऱ्याजवळच्या यादीत प्रत्येक नव्या आवृत्तीची नोंद करावी लागते. ही यादी अद्ययावत करण्याच्या कामातच घोटाळा झाला आणि संमती विचारण्याऐवजी ब्राउझरच अकस्मात मिटू लागला. रोज घरी येणारा दूधवाला नवे कपडे घालून आला म्हणून पहारेकऱ्याने त्याला ओळखू नये आणि कोण, कोठला हेही न विचारता दार लोटून घ्यावे, तशातलीच ही गोष्ट. संमतीची विचारणा पुन्हा दिसू लागावी म्हणून नियंत्रणातील 'ॲक्टिव्हिटी रिपोर्टिंग', म्हणजे हालचालींचा अहवाल, हे बटण सुरू करावे असा तात्पुरता उपाय कंपनीने सुचविला होता.

चौथी रीत वयाची. ॲपलच्या उपकरणांत प्रत्येक आज्ञावलीला वयोमर्यादा लावलेली असते. क्रोम, फायरफॉक्स ह्यांसारख्या ब्राउझरांना तेथे वर्षानुवर्षे १७ वर्षांवरील अशी श्रेणी होती. त्यांत वाईट काही आहे असे नव्हे, तर त्यांच्यातून कोणतेही पान उघडता येते एवढेच त्याचे कारण. पालकाने '१२ वर्षांपर्यंत' अशी मर्यादा घातली की हे ब्राउझर पडद्यावरून नाहीसे होत. आणि ते कोणी पुसून टाकले म्हणून घरात शोध सुरू होई. २०२५ साली ॲपलने ह्या श्रेणी बदलल्या. पण तत्त्व तेच राहिले आहे.

पाचवी रीत वेळेची. सायंकाळी ६ ते ८ परवानगी, रात्री बंदी, असे वेळापत्रक पालक ठरवून देतात. येथे पहारेकरी स्वतः वेळ ओळखत नाही. तो संगणकातील घड्याळाकडे पाहतो आणि घड्याळ जे सांगेल ते खरे मानतो. घड्याळ खोटे बोलले तर पहारेकरीही खोटे वागतो. ही गोष्ट ध्यानात असू द्या.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ब्राउझर अकारण अडला असे वाटल्यास काय करावे? वैद्य रोग्याची नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. आपणही प्रथम लक्षणे पाहावीत. पडद्यावर कोणते वाक्य आले, किती वाजता आले, कोणत्या खात्यात आले, हे जसेच्या तसे वहीत उतरून घ्यावे. 'चालत नाही' ही तक्रार झाली, लक्षण नव्हे.

लक्षणांचे तीन वर्ग पडतात. ब्राउझर उघडतच नाही, हा पहिला. ब्राउझर उघडतो पण कोणतेच पान येत नाही, हा दुसरा. इतर पाने येतात पण एखादेच पान अडते, हा तिसरा. तिसऱ्या वर्गात दोष बहुधा पत्त्यांच्या वा शब्दांच्या यादीत असतो. दुसऱ्या वर्गात घरातील जोडणी, घड्याळ किंवा सर्व पत्त्यांवरून नजर फिरविणारी गाळणी ह्यांचा संशय घ्यावा. पहिल्या वर्गात ब्राउझरची संमती, वयोमर्यादा अथवा वेळापत्रक तपासावे.

ह्यानंतर तुलनेच्या कसोट्या लावाव्यात. विज्ञानाच्या तासाला आपण शिकतो, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बाकीच्या तशाच ठेवाव्यात. येथेही तोच नियम.

पहिली कसोटी : त्याच खात्यात दुसरा ब्राउझर उघडून पाहावा. दुसरा चालत असेल तर जोडणी शाबूत आहे, अडथळा पहिल्या ब्राउझरपुरता आहे.

दुसरी कसोटी : त्याच संगणकावर आईच्या किंवा वडिलांच्या खात्यातून तोच ब्राउझर त्यांच्याकरवीच उघडवावा. तेथे चालत असेल तर ब्राउझर बिघडलेला नाही. अडथळा मुलाच्या खात्यावरील नियमात आहे. ह्या एका कसोटीने अर्धा संशय फिटतो.

तिसरी कसोटी : घरातील दुसऱ्या उपकरणावर तेच पान पाहावे. घरातील सर्वच उपकरणांवर ते अडत असेल तर गाळणी संगणकात नसून घराच्या वायफाय पेटीत आहे असे समजावे. पालकांच्या मोबाइलवर, वायफाय बंद करून, तेच पान उघडले तर ह्या अनुमानाला पुष्टी मिळते.

चौथी कसोटी : पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख आणि वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी व दिनदर्शिकेशी ताडून पाहावी. ही कसोटी इतकी साधी आहे की ती कोणीच करीत नाही.

कसोट्या झाल्यावर पालकांनी नियंत्रणाचे मुख्य पान उघडावे. त्यात बहुधा हालचालींची नोंदवही असते. काय रोखले, केव्हा रोखले आणि कोणत्या नियमान्वये रोखले, ते तेथे पाहावे. मुलाने पाठविलेली संमतीची विनंती उत्तरावाचून तशीच पडून राहिली आहे काय, हेही पाहावे. पुष्कळदा पहारेकऱ्याने मालकाला विचारणा केलेली असते आणि मालकानेच ती वाचलेली नसते. नंतर संगणकाची प्रणाली, ब्राउझर आणि नियंत्रण ह्या तिघांच्याही आवृत्त्या अद्ययावत करून संगणक एकदा बंद करून सुरू करावा. एवढ्याने भागले नाही तर पालकांनी स्वतः समोर बसून नियंत्रण पाच मिनिटे थांबवावे. थांबविल्यावर ब्राउझर चालला तर दोष नियंत्रणाचा. तरीही चालला नाही तर दोष अन्यत्र. परीक्षा संपताच नियंत्रण पुन्हा सुरू करण्यास मात्र विसरू नये.

ब्राउझर काढून नव्याने बसविणे हा शेवटचा उपाय आहे. पण लोक आरंभ त्याच्यापासूनच करतात. त्यात जतन केलेल्या खुणा व परवलीचे शब्द गमावण्याचा धोका असतो आणि दोष पहारेकऱ्यात असेल तर फायदा काहीच होत नाही. इतके करूनही उलगडा न झाल्यास ज्या कंपनीची ती आज्ञावली आहे तिला लिहावे. वहीत उतरलेली लक्षणे आणि कसोट्यांचे निकाल ह्या वेळी कामी येतात. कंपनीचा पत्ता मात्र तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. 'आम्ही दुरुस्ती करून देतो, तुमचा संगणक आमच्या ताब्यात द्या' असे म्हणणारा अनोळखी फोन आला तर तो तत्काळ ठेवून द्यावा. आणि कोणी फसविलेच तर १९३० ह्या राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

आता त्या अर्धवट सोडलेल्या हकीकतीकडे येऊ. दुसऱ्या दिवशी सायंकाळी मुलाच्या आजींनी मला बोलावून घेतले. "ह्या दोघांचा अबोला मला पाहवत नाही," त्या म्हणाल्या. "यंत्र बिघडले की पोरगा, तेवढे एकदाचे सांगा." आम्ही वर सांगितलेल्या क्रमाने निघालो. मुलाच्या खात्यात दुसरा ब्राउझरही मिटत होता. वडिलांच्या खात्यात मात्र ब्राउझर उघडला. परंतु एकही पान येईना. प्रत्येक पानाऐवजी एकच सूचना येई : तुमचे घड्याळ मागे आहे. तिघांच्याही नजरा एकदम पडद्याच्या कोपऱ्याकडे गेल्या. भिंतीवरच्या घड्याळात सायंकाळचे सात वाजत होते. संगणकाच्या कोपऱ्यात मध्यरात्र उलटून काही मिनिटे झाली होती आणि तारीख कित्येक वर्षांपूर्वीच्या १ जानेवारीची होती!

उलगडा झाला. संगणकाची वीज बंद असतानाही त्यातील घड्याळ चालू राहावे म्हणून आत रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल बसविलेला असतो. बाजारात तो २०३२ ह्या क्रमांकाने मिळतो. त्या जुन्या संगणकातील सेल आधीच क्षीण झाला होता. एरवी वीज चालू असे म्हणून तो तग धरून होता. सुट्टीत बटणे मिटविल्यावर त्याने प्राण सोडला. संगणक सुरू होताच घड्याळ आपल्या मूळ तारखेवर आणि मध्यरात्रीवर जाऊन बसले. पहारेकऱ्याने घड्याळ पाहिले, रात्र झाली असे ठरविले आणि वडिलांनीच पूर्वी घालून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे ब्राउझर मिटवून टाकला. 'पालकांनी बंद केला आहे' हे वाक्य एका अर्थी खरेच होते. परंतु कोणत्या नियमाने बंद केला हे सांगण्याचे सौजन्य त्यात नव्हते. वडिलांच्या खात्यावर वेळेचे बंधन नसल्यामुळे तेथे ब्राउझर उघडला. पण प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या ओळखपत्रावर त्याच्या मुदतीच्या तारखा असतात. घड्याळ मागे पडल्यामुळे त्या तारखांचा मेळ बसेना आणि पाने अडली. एकाच दोषाने दोन खात्यांत दोन वेगळी रूपे घेतली होती.

वेळ दुरुस्त करताच ब्राउझर उघडला. दुसऱ्या दिवशी कोठीच्या बाजारातून थोड्या रुपयांत नवा सेल आला. वडील काही क्षण गप्प राहिले. मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चूक माझी झाली, बाळ. आधी घड्याळ पाहावयास हवे होते. मी तुझ्याकडेच पाहिले." एवढे बोलून ते मुलाच्या शेजारी प्रकल्पाची चित्रे निवडावयास बसले. सेल बदलण्यापेक्षा हे काम कठीण होते आणि ते त्यांनी केले, ह्याचा मला फार आनंद वाटला.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, की एवढ्या कसोट्या कशाला? दार अडले तर भिंतीवरून उडी मारता येते की! जून २०२५ मधील घोटाळ्यात क्रोमच्या मूळ धारिकेचे नाव बदलले की ते उघडते, असा शोध काही जणांनी लावला होता. पहारेकरी नावावरून ओळखत होता, नाव बदलताच तो फसला. दुसऱ्याचा परवलीचा शब्द वापरणे, चोरवाटेने दुसऱ्या देशातून आल्याचे भासविणारी आज्ञावली बसविणे, असे आणखीही मार्ग आहेत. ह्या संदर्भात रायगडावरील हिरकणीची दंतकथा आठवते. सूर्यास्त झाला, गडाचे दरवाजे मिटले, दूध विकावयास आलेली हिरकणी वर अडकली आणि तिचे तान्हे बाळ खाली घरी. पहारेकऱ्यांनी नियमावर बोट ठेवले; ती माउली रात्रीच्या अंधारात कडा उतरून गेली. पुढे महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूजही बांधविला. तो हिरकणी बुरूज आजही रायगडावर आहे. ह्या कथेत आपण हिरकणीचे मातृप्रेम पाहतो, ते योग्यच आहे. पण तिच्यात आणखीही एक अर्थ आहे. नियमात एका आईची अडचण बसत नव्हती, हे महाराजांच्या कानावर गेले. आणि ज्या वाटेने आई उतरू शकते त्या वाटेने शत्रू चढू शकेल, हेही त्यांनी ओळखले. चोरवाट गुप्त ठेवली असती तर ना अडचण दिसली असती, ना कड्याचा धोका.

म्हणून चोरवाट सापडली तरी तिने जाऊ नका; ती घरच्या वडीलधाऱ्यांना दाखवा. नाव बदलून ब्राउझर उघडणारा मुलगा निरपराध असला तरी त्या क्षणापासून त्याच्याजवळ लपविण्यासारखे काहीतरी निर्माण होते आणि त्याचा खरेपणा सिद्ध करणे त्याला अधिकच कठीण जाते. उलट जो मुलगा वहीत लक्षणे लिहून वडिलांसमोर ठेवतो आणि 'चला, दोघे मिळून पाहू' असे म्हणतो, त्याच्यावर संशय घेणे वडिलांनाही अवघड होते.

पालकांना उपदेश करण्याचा अधिकार शालेय वार्षिकाला नाही. तरीही हा अंक घरोघरी वाचला जातो म्हणून नम्रपणे एवढेच सुचवितो, की मिटलेले दार हा अपराधाचा पुरावा नव्हे. पहारेकऱ्याने दिलेली वार्ता ही केवळ वार्ता आहे. तिची शहानिशा करणे हे मालकाचे काम आहे. मुलांच्या हातून चुका होतात, हे खरे; पण यादीच्या, शब्दांच्या, आवृत्तीच्या, वयाच्या आणि घड्याळाच्या चुका आपण वर पाहिल्याच आहेत. त्यांतील एकही चूक मुलाने केलेली नव्हती. तेव्हा पडद्यावर बंदीचे वाक्य दिसले म्हणजे प्रथम मुलाच्या चेहऱ्याकडे न पाहता पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहावे.

पहारेकरी असावा, लहान मुलांच्या घरी तो जरूर असावा. रस्त्यावर खड्डे आहेत म्हणून मुलाचे बोट धरून चालविणे हे प्रेमाचेच लक्षण आहे. पण बोट धरणारा हात आपल्या माणसाचा असतो, यंत्राचा नव्हे, ह्याचा विसर पडू नये. यंत्राला नियम कळतो. माणूस कळत नाही. ते काम घरातील थोरामोठ्यांनी आणि तुम्ही, दोघांनी मिळूनच करावयाचे आहे.